दुकानात गिऱ्हाईक असताना

…आणि वर फोन करून मलाच विचारतात, "झाली का?" अहो, कुणाला काय विचारताय? ज्याला व्हायची त्याला विचारा की! पण नाही. पोट ह्यांचं आणि परीक्षा माझी. सकाळी उठून चष्मा शोधते न शोधते तोच मुलाचा फोन. तो समुद्रापलीकडे, त्याची तिथं झोपायची वेळ. "आई, झाली का?" आई, कशी आहेस, नाही. आई, झोप लागली का, नाही. थेट मुद्द्याला हात! जिन्यात शेजारीण भेटते, हातात भाजीची पिशवी, पुढेमागे चार माणसं, आणि ही मोठ्यानं... "काय हो, झाली का?" डॉक्टरांचं सोडा, त्यांचा धंदाच तो. दूधवाल्यानं तेवढं विचारायचं राहिलंय बघा. तोही विचारेल एक दिवस, माणूस भला आहे.

तुम्हाला सांगते, पूर्वी मी पाहुण्यांसमोर 'संडास' हा शब्द उच्चारायचे नाही. "जरा जाऊन येते" म्हणायचे. कुठं, ते ज्यानं त्यानं समजून घ्यायचं! आणि आता? आता मी शेजारणीशी जिन्यात उभी राहून रंग, आकार, घट्ट, पातळ असं काही बोलते, जसं कुणी पडद्याचं कापड निवडतंय. लाज कोळून प्यायले मी. प्यायले म्हणजे काय, ह्यांच्या वाटचीही मीच प्यायले, कारण हे काही म्हणजे काही पीत नाहीत, पाणीसुद्धा!

आमचे हे म्हणजे... थांबा, ह्यांचं सांगितल्याशिवाय पुढचं कळायचं नाही. ह्यांचं कटिंग सलून होतं, बाजारात. एक खुर्ची, एक आरसा, गिऱ्हाइकांना बसायला एक बाक, आणि हे. दुसरा कारागीर नाही. उभा जन्म त्या खुर्चीमागे उभं राहून काढला. उभा जन्म म्हणतात ना, तो ह्यांनी खरोखरच उभ्यानं काढला! मग हात कापायला लागले, दुकान सुटलं, आणि हळूहळू एकेक गोष्ट डोक्यातून निघून जायला लागली. डॉक्टर म्हणतात डिमेन्शिया. आधी किल्ल्या गेल्या. मग रस्ते गेले. मग चमचा कुठल्या हातात धरायचा ते गेलं. दुकान मात्र गेलं नाही. बाजारातलं गेलं, डोक्यातलं सकाळी बरोब्बर वेळेवर उघडतं.

आता ह्या आजाराची गंमत अशी, गंमत म्हणायचं आपलं, की पोट वर निरोप पाठवतं, पण वर निरोप घ्यायला कुणी बसलेलंच नसतं. आपल्याला कसं कळतं, बाई, जायला हवं. ह्यांना कळत नाही. ह्यांना एवढंच कळतं की काहीतरी बिनसलंय. मग फेऱ्या मारतात. या खोलीतून त्या खोलीत, त्या खोलीतून या खोलीत. पायजमा ओढतात. जेवण ढकलून देतात. अंगाला हात लावला तर झिडकारतात. मला वाटायचं, माझ्यावर रागावलेत. मी आपली विचारत बसायची, अहो, माझं काय चुकलं? डॉक्टर म्हणाले, "आजी, तुमचं काही चुकलेलं नाही, त्यांचं पोट तुंबलंय." म्हणजे बघा! एवढ्या वर्षांच्या संसारात नवऱ्याचा राग आपल्यावर नसून पोटावर आहे, हे पहिल्यांदाच कळलं.

मग सुरू झाले उपाय. जो तो वैद्य! शेजारीण म्हणाली पपई द्या. दिली. अंजीर भिजवून द्या. दिले. मनुकांचं पाणी, कोमट दूध, इसबगोल... इसबगोलनं काय केलं माहितीये? त्याला पाणी लागतं भरपूर, आणि पाणी कोण पितंय? मी ग्लास हातात दिला की हे त्यात बोटं बुडवतात आणि माझे केस ओले करतात! कटिंगच्या आधी करतात ना, तसे. मी ग्लासवर ग्लास देतेय आणि स्वतःच भिजतेय. शेजारणीनं सांगितलं पोट चोळा, गोल गोल, घड्याळाच्या काट्यांच्या दिशेनं. चोळायला गेले तर हे हसायला लागले. गुदगुल्या! डॉक्टरांनी मागून ठेवायची गोळी दिली. अहो, ती ठेवायला गेले तर असे वळले माझ्याकडे... "ओ साहेब! हे काय चाललंय?" मी तिथल्या तिथं गोळी टाकून दिली. खरं सांगते, ज्यानं जन्मभर लोकांच्या गळ्याशी वस्तरा धरला आणि कुणाला ओरखडा येऊ दिला नाही, त्याच्याशी मी अशी मागून... नाही जमलं मला. आणि संध्याकाळी फोन. "आई, झाली का?"

पण खरी मेख वेगळीच होती, आणि ती आमच्या घरात आली मुलाच्या मायेतून. ह्यांचे गुडघे गेलेत, कमोडवर बसले की उठवत नाही, आणि मी उठवायला गेले तर दोघंही तिथंच. तर पोरानं तिकडून मागवली एक खुर्ची. कमोडवर ठेवायची. उंच, पाठीला गादी, दोन्ही बाजूंना हात टेकायला गुबगुबीत हात, काळं रेक्झिन. "आई, बाबांसाठी बेस्टातली बेस्ट मागवलीय!" दोन माणसं येऊन बसवून गेली. मी म्हटलं, सुटले! आणि ह्यांना घेऊन गेले.

हे दारात उभे राहिले. खुर्चीकडे बघितलं. असे डोळे लकाकले म्हणून सांगू... दांडीवरचा नॅपकिन घेतला, सटासट खुर्ची झटकली, तिच्या मागे जाऊन उभे राहिले आणि मला म्हणाले, "या साहेब, बसा!"

आता बोला!

मी म्हटलं, अहो, तुम्ही बसा. "छे छे, साहेब, तुम्ही बसा." अहो, तुमच्यासाठी आहे. "तुमच्याचसाठी ठेवलीय साहेब, दाढी की कटिंग?" मी हाताला धरून बसवायला गेले तर हे अंग ताठ करून मागे. नाहीच! आणि मग उजेड पडला डोक्यात. गिऱ्हाईक समोर असताना कारागीर गिऱ्हाइकाच्या खुर्चीत बसतो का कधी? केवढा उद्धटपणा तो! म्हणजे पोरानं प्रेमानं जी खुर्ची पाठवली, तीच नेमकी ह्यांनी जन्मभर दुसऱ्याला दिलेली. आणि ती काढता येत नाही, कारण गुडघे. आणि ठेवली तर बसत नाहीत, कारण साहेब. साहेब म्हणजे मी. ह्या घरात लग्न होऊन आलेली बाई, अर्ध्याहून जास्त दात पडलेली, आणि माझ्या नवऱ्याला मी कोण वाटते? दाढी करायला आलेला गृहस्थ!

सुनेला सांगितलं फोनवर, तर ती हसत सुटली. मुलगाही हसला. मीही हसले, फोन ठेवेपर्यंत. मग फोन ठेवल्यावर कुणाबरोबर हसायचं?

आणि मग डॉक्टरांचा सकाळी फोन. आवाज जरा वेगळा. म्हणाले, "आजी, फार दिवस झाले. पोट फुगलंय म्हणता. हे सिरप आत्ता द्या, पण संध्याकाळपर्यंत झाली नाही तर दवाखान्यात आणा, दाखल करून घेऊ." मी म्हटलं बरं. आणि फोन ठेवून तिथंच स्टुलावर बसले. कारण दवाखाना म्हणजे काय ते मला माहितीये. मागे ताप आला तेव्हा ठेवलं होतं. सलाईनची नळी ओढून काढतात म्हणून ह्यांचे हात खाटेला बांधले. हात! ह्यांचे! मला बाहेर बाकावर बसवलं. आणि जाताना हे मला नावानं हाक मारत होते हो. रिक्षात बसतानासुद्धा. येताना नाही. माझं नाव तिथंच कुठंतरी राहिलं, खाटेखाली का कुठं, देव जाणे. आता पुन्हा नेलं तर काय ठेवून येतील? चालणं? जेवणं? राहिलंय तरी काय फार?

म्हणून म्हटलं, आज काय वाट्टेल ते होवो, व्हायलाच पाहिजे. सिरप दिलं. गोड होतं, म्हणून हे प्यायले. त्यांच्या मागे मागे फेऱ्या मारल्या, चालल्यानं हलतं म्हणतात. पायाखाली ठेवायचं छोटं स्टूल आणून ठेवलं, गुडघे वर आले की सोपं जातं म्हणून. पायजम्याची नाडी काढून इलॅस्टिक केव्हाच घातलंय. दाराची कडी काढून टाकलीय, आत पडले तर कोण दार फोडणार? सगळी तयारी! नवरीच्या मंडपातही एवढी नसते. आणि ह्यांना आत नेलं. आणि हे खुर्चीमागे. "या साहेब, बसा."

मी म्हटलं, बसा हो तुम्ही. "या साहेब." अहो, बसा ना, पाया पडते. "अहो, या तर खरं, आज गर्दी आहे." फोन वाजला. मुलगा. "आई, झाली का?" मी म्हटलं, ठेव! फोन ठेवला. माझी कंबर अशी भरून आलेली, सकाळपासून पोटात काही नाही, आणि समोर हे, नॅपकिन खांद्यावर टाकून, इतके अदबीनं उभे... म्हटलं, जाऊ दे. आणि बसले. धपकन. त्या खुर्चीत. मी!

तुम्हाला सांगते, खुर्ची आहे मात्र आरामाची.

ह्यांनी नॅपकिन झटकला, माझ्या गळ्याभोवती गुंडाळला, मागे खोचला. हात होता तसाच, हलका. कापरं कुठं गेलं कोण जाणे. टूथब्रशनं भुवया विंचरल्या. बोटानं गालावर साबण लावल्यासारखं केलं. हनुवटी धरून मान एकीकडे वळवली, म्हणाले, "साहेब, मिशी जरा बारीक करू का?" म्हटलं, करा. आहेत चार केस, खोटं कशाला बोलू! आणि मग हे बोलायला लागले.

बोलायला! हे! अहो, हा माणूस घरी आला की तोंडाला कुलूप. जेवण, हात धुणं, झोप. "मीठ" आणि "पुरे" एवढे दोन शब्द, त्यावर मी संसार केला. आणि इथं? "साहेब, ऊन काय वाढलंय! साहेब, दिसला नाहीत बरेच दिवस? तब्येत बारीक झालीय. जेवता की नाही वेळेवर?"

मी मान वळवून ह्यांच्याकडे बघितलं. कारण काय सांगू तुम्हाला... हे कुणी विचारलंच नव्हतं. एवढे फोन, एवढी माणसं, सगळ्यांचं झाली का, झाली का... आणि इथं ह्या न्हाणीघरात एकजण मला विचारतोय, जेवता की नाही. आणि त्याला मी कोण ते माहिती नाही!

"घरी कोण कोण असतं साहेब?" म्हटलं, नवरा असतो. साहेबांना नवरा! पण ह्यांना काही वाटलं नाही. सलूनवाल्याला कशाचंच नवल नसतं, एवढं ऐकलेलं असतं त्यांनी. "काय करतात?" म्हटलं, कटिंगचं दुकान होतं. "अरे वा, आपल्यातलेच! कसे आहेत स्वभावानं?" आणि मग काय, सुटलेच मी. सगळं बाहेर. म्हटलं, भला माणूस हो, पण बोलत नाही. जन्मभर बोलला नाही. दिवसभर दुकानात लोकांशी गप्पा, आणि घरी आला की भिंत. मी काय एवढी नकोशी होते?

ह्यांचा हात थांबला. गालावर बोट तसंच. म्हणाले, "नाही हो साहेब, तसं नसतं. दुकानात गप्प बसून चालतं का? गिऱ्हाईक काहीही बोलो, हो म्हणायचं. मोठा आला मोठ्याचं, लहान आला लहानाचं. संध्याकाळपर्यंत जीभ दुखते. घरी गेलं की तिथं कुणाला खूश करायचं नसतं. तिच्यासमोर गप्प बसता येतं. तेवढी एकच जागा आहे साहेब."

बघा. बघा म्हणजे! हे तेव्हा सांगायला काय झालं होतं? जेव्हा गप्प होते तेव्हा मी बायको होते, आणि आता बोलतात तर मी गिऱ्हाईक! करायचं काय माणसानं? माझ्या डोळ्यांतून टपाटप पाणी. ह्यांनी वाकून बघितलं, घाईघाईनं नॅपकिनच्या टोकानं डोळे टिपले. "साबण गेला का साहेब? माफ करा हं. मिटा, मिटा डोळे." मी मिटले. म्हटलं, हो, साबणच.

आणि डोळे मिटून बसलेय तर कानावर आवाज. सळ्... सळ्... ह्यांच्या सपाता. या पायावरून त्या पायावर, त्या पायावरून या पायावर. मी डोळे उघडले. चेहरा घामेजलेला, एक हात पोटावर, आणि तोंडावर हसू तसंच. "झालं साहेब, एवढे कल्ले तेवढे राहिले." आणि माझ्या डोक्यात लख्ख झालं. अहो, ह्यांना कळतंय! निरोप पोहोचलाय! पण हा माणूस रोखून धरतोय!

कारण दुकानात संडास नव्हता. कधीच नव्हता. बाजाराच्या मागे जावं लागायचं. आणि गिऱ्हाईक असताना हे कधी गेले नाहीत. बाकावर एकजण जरी असला तरी नाही. दुपारी सगळे गेले की शटर अर्धं ओढायचं, जाऊन यायचं, आणि मग त्याच खुर्चीत अंग टाकून डुलकी काढायची. मी एकदा डबा घेऊन गेले तेव्हा बघितलंय की डोळ्यांनी, अर्ध्या शटरखालून वाकून! गिऱ्हाइकाच्या खुर्चीत मस्त घोरत होते. आणि मी इतके दिवस काय करतेय? पडतील म्हणून जवळ उभी. हाताला धरून, 'करा ना, करा ना' करत, समोर! एक मिनिट सोडलं नाही. म्हणजे दुकानात सदान्‌कदा एक गिऱ्हाईक, हलायचं नाव नाही, आणि हे बिचारे पोट दाबून उभे, की हा कधी जातोय. पपई काय करणार? अंजीर काय करणार? मीच अडकले होते हो मध्ये!

उठले मी. ताडकन. म्हटलं, छान झाली दाढी. निघतो. निघतो! पुरुष झाले मी! नॅपकिन काढून त्यांच्या खांद्यावर टाकला, बाहेर आले, दार ओढून घेतलं, कडी नाहीच. पण तेवढ्यानं दुकान बंद झालं हे ह्यांना कळणार कसं? मग मी, ह्या वयात, ह्या तोंडानं, दाराबाहेर उभी राहून... खर्रर्रर्रर्र... धाड्! शटर! अगदी अर्ध्यावर थांबवलं. जिन्यात शेजारीण होती, ती धावत आली. "काय पडलं?" म्हटलं, शटर. "कुठलं शटर?" म्हटलं, श्शऽऽ!

दोघी दाराला कान लावून. आत सपाता वाजल्या. थांबल्या. मग कापडाची सळसळ. मग रेक्झिन करकरलं... बसले! शेजारणीनं माझा हात दाबला. काही नाही. काही नाही. काही... आणि मग, तुम्हाला सांगते, काय तो आवाज! सनई-चौघडा झक मारतो! शेजारीण मला मिठी मारतेय, मी रडतेय, हसतेय, आणि आतून ह्यांचा एक सुस्कारा आला, असा लांब, असा तृप्त, जसा सुट्टीच्या आदल्या संध्याकाळी दुकान बंद केलेल्या माणसाचा येईल.

मग काय, फोनवर फोन. "झाली का?" झाली! मुलगा तिकडून ओरडला, "अगं, बाबांना झाली!" सून टाळ्या वाजवतेय. डॉक्टर म्हणाले, "वा आजी, जिंकलात, आणायची गरज नाही." हा मुलगा झाला तेव्हासुद्धा एवढा जल्लोष नव्हता झाला हो. सगळ्यांनी आनंदानं फोन ठेवले. मी आत जाऊन ह्यांना धुतलं, पुसलं, दुसरा पायजमा घातला, फरशी पुसली, आणि मग उभ्या उभ्या सकाळची पोळी खाल्ली. आनंद झाला होता, नाही कशाला म्हणू. पण सांगायला कुणी राहिलं नव्हतं.

आता आमची पद्धत बसलीय. नाश्ता झाला की तासाभरात दुकान उघडतं. डॉक्टर म्हणतात, रोज तीच वेळ ठेवा, फार चांगलं. मी जाऊन बसते. हे नॅपकिन बांधतात. आधी विचारतात जेवता की नाही, मग मी सांगते. मुलाचं सांगते, कंबरेचं सांगते, नवऱ्याच्या तक्रारी सांगते. हे म्हणतात, सांभाळून घ्या साहेब, माणूस वाईट नसेल. सून म्हणते, आई, चार बायकांत जात जा, मन मोकळं होतं. म्हटलं, अगं, माझं रोज सकाळी होतं, संडासात, टाइम ठरलेला आहे.

फक्त एकच वाईट. बोलणं रंगात यावं, हे एखादी जुनी गोष्ट काढावी, मला वाटावं, आता बसावं दिवसभर... आणि खाली बघावं तर सपाता सुरू. सळ्... सळ्... मग बसून चालतं का? मी बसले तर मला सोबत, आणि उठले तर ह्यांचं पोट. उठावंच लागतं. परवा तर इतकं जिवावर आलं होतं उठायचं, की मी म्हटलं, अजून जरा कानाजवळ बघा ना, केस राहिलेत. तर हे इतक्या प्रेमानं खांद्यावर थोपटून म्हणाले, "पुरे आता साहेब, निघा. घरी मंडळी वाट बघत असतील."

निघाले. शटर ओढलं. आणि बघत उभी राहिले, वाट.